पुण्यात लोहगाव विमानतळावर स्वतःच्या मोटरसायकलने जाणं-येणं जमतं का? सामान, हेल्मेट, पार्किंगचं काय करता?

जमतं की. एकटा माणूस, पाठीवर एक सॅक आणि दोन-तीन दिवसांचा दौरा असेल तर मी दुसरं काही बघतच नाही. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नसतो. वनाज-रामवाडी मार्ग सकाळी सहाला सुरू होतो, आणि सहाचं विमान असेल तर साडेचारला आत असलेलं बरं. कॅबवाला त्या वेळी बुकिंग घेतो, पाच मिनिटं तसाच उभा राहतो आणि मग रद्द करतो. गाडी स्वतःची असली की ही धाकधूक नाही.

मी कोथरूडहून बंडगार्डन, येरवडा, गुंजन चौक आणि पुढे एअरपोर्ट रोड असा जातो. पिंपरीकडून येणारे विश्रांतवाडी, टिंगरेनगर करून 509 चौकात निघतात. पहाटे रस्ता मोकळा असतो, पण कुत्री आणि न रंगवलेले स्पीडब्रेकर असतातच, त्यामुळे मोकळा दिसला म्हणून गाडी पिळू नका, वेग बेताचाच ठेवा. संध्याकाळी नगर रोड आणि 509 चौक दोन्ही तुंबलेले असतात. दुचाकी फटीतून निघते हे खरं, तरी अर्धा तास जास्तीचा धराच.

खरी अडचण रस्त्याची नाही, अंगावरच्या वस्तूंची आहे. हेल्मेट गाडीला अडकवून जाऊ नका. चोरीला नाही गेलं तरी आत धूळ बसते. मी ते सोबत नेतो. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये उलटं ठेवायचं, पाकीट, किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं त्यातच टाकायचं. पलीकडे एकदम उचलता येतं. विमानात ते वरच्या कप्प्यात जातं. रायडिंग जॅकेट असेल तर तेही काढून ट्रेमध्येच ठेवा, नाहीतर सीआयएसएफचा जवान कोपरावरचं पॅड दाबून 'हे काय आहे' म्हणून विचारणार. लोखंडी टोकाचे बूट वाजतात, ते टाळा.

सॅक भरायच्या आधी तिचे सगळे कप्पे तपासा. रोज गाडीवर फिरणाऱ्याच्या सॅकमध्ये पाना, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, छोटा चाकू कुठेतरी पडलेला असतो. ते केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. पंक्चर किटमधलं रबर सोल्युशन आणि चेनचा स्प्रे ज्वलनशील असल्यामुळे चेक-इनच्या बॅगेतही चालत नाहीत. हे सगळं घरी ठेवा किंवा सीटखाली. पॉवर बँकेचं उलट आहे: ती हातातल्या सामानातच हवी.

गाडी मी एअरोमॉलमध्ये, म्हणजे विमानतळाच्या बहुमजली पार्किंगमध्ये लावतो. मजला आणि जवळच्या खांबाचा नंबर यांचा फोटो काढून ठेवा. रात्री बाराला उतरल्यावर सगळे मजले सारखेच दिसतात. पावतीचाही फोटो हवा. फोटो मात्र पार्किंगपुरतेच, कारण हा हवाई दलाचा तळ आहे. उगाच इकडेतिकडे मोबाइल रोखू नका. दर बोर्डावर असतात, ते वाचून दिवसांनी गुणा. आठवडाभराचा दौरा असेल तर आकडा बघून तुम्हीच गाडी घरी ठेवाल. विमाननगरमध्ये कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या सोसायटीत गाडी लावून शेवटचा टप्पा रिक्षाने करणं सगळ्यात स्वस्त. जाताना त्यांच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी न्यायची, हे ओघानेच आलं.

गाडी लावताना मेन स्टँडवर, हँडल लॉक, डिस्क लॉक. जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा. टाकीत घरी पोचण्याइतकं पेट्रोल आधीच असू द्या, अर्ध्या रात्री पंप शोधत फिरायला नको.

ट्रॉली बॅग मागच्या सीटवर बांधून नेणारे बरेच दिसतात. हलकी असेल तर ठीक, पण बांधायच्या रबरी दोरीचं टोक किंवा बॅगेचा पट्टा लोंबकळत ठेवू नका. चाकात किंवा चेनमध्ये गेला तर गाडी जागीच आडवी होते. 15 किलोची चेक-इन बॅग असेल तर सरळ कॅब करा. बायको-मुलं सोबत असतील तरीही.

एका बाबतीत मी हट्टी आहे. परदेशातून रात्रभर प्रवास करून आलात तर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. म्हणून अशा दौऱ्याला मी मोटरसायकल नेतच नाही, पार्किंग कितीही स्वस्त असलं तरी. पावसाळ्यात जात असाल तर कोरडे मोजे आणि रेनकोट कोंबायला एक मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवा. भिजलेला रेनकोट गाडीच्या डिकीत बंद करून गेलात तर परतल्यावर त्याचा वास दोन दिवस जात नाही.