आवाज जागेवरून हलवू नकोस

प्रिय मुली,

तुझी अकराही गाणी ऐकली, तू लावलेल्या क्रमाने, दोनदा. पत्रही वाचलं. एकाने तुला सांगितलं की रेगे आणि फंक या शैलींची गाणी काढून टाक, दुसऱ्याने सांगितलं की तेवढंच ठेव, आणि आता तू मला विचारतेस, ‘यातली खरी मी कोणती?’ या प्रश्नात अडकू नकोस. इतक्या तऱ्हांच्या चाली सुचतात ही तुझी कमाई आहे, ती कुणाच्या सांगण्यावरून छाटायची नाही. तुझ्या अल्बमचा घोळ वेगळाच आहे. चौथ्या गाण्यात तू कानाशी येऊन बोलतेस, पाचव्यात लांबच्या खोलीतून गातेस आणि सहाव्यात मुखड्याआधीचा तुझा श्वासच कुणीतरी कापून टाकलाय. ऐकणाऱ्याला वाटतं, तीन वेगळ्या मुली गातायत.

म्हणून सांगतो, बाकी सगळं बदल, पण आवाज जागेवरून हलवू नकोस.

स्टीव्ही वंडरचा 1976 मधला ‘सॉंग्ज इन द की ऑफ लाइफ’ पुन्हा ऐक. दोन एलपी म्हणजे मोठ्या तबकड्या आणि जोडीला एक ईपी म्हणजे छोटी तबकडी, मिळून 21 रचना. त्यात फंक आहे, जॅझकडे झुकणारं वादन आहे, सिंथेसायझरवर तंतुवाद्यांचा ताफा उभा करून गायलेलं गाणं आहे. तरी तो अल्बम विस्कटत नाही, कारण तो गळा दोन शब्दांत ओळखू येतो.

आता कामाचं. अकरा गाण्यांना एकच मायक्रोफोन वापर. तो निवडताना तुझी सगळ्यात खालची ओळ आणि सगळ्यात वरची ओळ, दोन्ही गाऊन बघ. नुसत्या मधल्या पट्टीवर चांगला वाटणारा मायक्रोफोन वरच्या सुरांत ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतो. तोंड वीतभर लांब, म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटरवर. ‘प’, ‘फ’चा वारा अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, मधे लाव आणि पायाखाली जमिनीवर टेप चिकटव. टेपचं हसू नकोस. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या, मायक्रोफोनच्या जितकं जवळ जावं तितका खर्ज फुगतो, आणि अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने (डीबी) उतरतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. बोसा नोव्हा, म्हणजे ती ब्राझिली चालीची रचना, हळुवार व्हावी म्हणून तू पाच सेंटिमीटरवर गेलीस आणि फंकला जोर हवा म्हणून मागे सरकलीस, तिथेच दोन मुली झाल्या. हळुवारपणा गाण्यात आण, अंतरात आणू नकोस. जोरकस ओळ आली तर मान किंचित बाजूला वळव, पण पाय टेपवरच राहू देत. 24 बिटवर रेकॉर्ड करत असशील तर सगळ्यात मोठ्या आवाजाची ओळ मीटरवर उणे 10 डीबीपर्यंत गेली तरी पुष्कळ झालं.

पट्टीचं तर मला रागच येतो. ब्लूज ‘ई’मध्ये आहे, का? तर गिटारवर बोटं तिथे सहज पडतात! बोटांना सोपी पट्टी गळ्याला सोपी असेलच असं नाही. प्रत्येक मुखड्याचा मुख्य सूर तुझ्या गळ्याच्या त्याच चार-पाच सुरांत यायला हवा, जिथे तू बोलल्यासारखी गातेस. त्यासाठी गिटारच्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, म्हणजे कॅपो, लाव, नाहीतर वादकाला पट्टी बदलायला सांग. अंतऱ्यात हवी तेवढी वर जा, खाली ये. मुखडा मात्र घरात हवा.

आणि उसना गळा नको. ब्लूजमधून घ्यायचं ते कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे लोंबणारा सूर, 12 बारांची (आवर्तनांची) बांधणी, ओळ गाऊन झाल्यावर गिटारला उत्तरासाठी सोडलेली जागा. तू ती जागा भरून टाकलीस आणि घशाची खरखर तेवढी उचललीस. नेमकं उलटं झालं.

शैली बदलते ती ठेक्यात, म्हणून सगळी मेहनत तिथे कर. रेगेच्या वन ड्रॉप नावाच्या ठेक्यात ड्रमर पहिली मात्रा रिकामी सोडतो, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात, आणि गिटारची छोटी, तुटक थाप दुसऱ्या-चौथ्यावर येते. तुझ्या ड्रमरने सवयीने पहिलीवर किक मारलीय. गाणं तिथेच ढेपाळलं, मग वर कितीही गिटार टिपटिप करू दे. स्विंगच्या गाण्यात हायहॅट (ड्रमच्या झांजांची जोडी) लांब-आखूड चालतोय, साधारण दोनास एक, आणि तुझी अकूस्टिक गिटार सरळ समान ठोक्यांत. दोघांची प्रत्येक अर्ध्या मात्रेला टक्कर होते, आणि दोष तू स्वतःच्या गाण्याला देतेस. गिटार पुन्हा वाजवून घे. जलद लयीत मात्र ते दोनास एक प्रमाण आपोआप सपाट होत जातं, तिथे ओढून ताणून झुलवू नकोस. तीन मात्रांचा वॉल्ट्झ चांगला झालाय, त्याला हात लावू नकोस.

मिक्सिंगला बसशील तेव्हा पुन्हा तेच. आवाजासाठी अख्ख्या अल्बमला एकच रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ठरव, दीड सेकंदाचा ‘प्लेट’ प्रकारचा चालेल, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) 30 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे शब्दाची सुरुवात स्वच्छ राहते. ड्रम, गिटार, कीबोर्ड आपापल्या खोल्यांत राहू देत. रेगेत डबसारखा (रेगेचाच एको भरलेला प्रकार) एको हवाय ना? ओळीच्या शेवटच्या शब्दावर सेंड, म्हणजे आवाजाची प्रत एकोकडे धाडणारी वाट, उघड आणि लगेच बंद कर, म्हणजे एको लांब जाईल आणि ड्राय, म्हणजे कोरा, आवाज जागेवर राहील. आवाजाच्या ट्रॅकवरच एको बसवलास की सगळी ओळ मागे सरकते. मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर तीनास एक, तीन-चार डीबी दाबेल इतपत. श्वास कापायचे नाहीत, फार ठळक वाटला तर चार-पाच डीबीने खाली घे. माणूस गातोय हे श्वासावरूनच कळतं.

मास्टरिंगला मीटरवर सगळी गाणी सारखी करायचा मोह होईल. तीन वाद्यांचा वॉल्ट्झ आणि चौदा ट्रॅकचा फंक एकाच एलयूएफएसवर, म्हणजे मीटरने मोजलेल्या एकाच सरासरी जोरावर, आणलेस, तर वॉल्ट्झमधला आवाज अंगावर येतो आणि फंकमधला बुडतो. त्यापेक्षा प्रत्येक मुखड्याचे दहा सेकंद कापून एका ओळीत लाव आणि अगदी हळू आवाजात ऐक. कुठेही हात आवाजाच्या बटणाकडे गेला नाही पाहिजे. स्पॉटिफाय उणे 14 एलयूएफएसच्या हिशोबाने पातळी लावतं हे खरं, पण अल्बम सलग लागला तर सगळ्या गाण्यांना मिळून एकच फरक लावतं, त्यामुळे तू ठेवलेला चढ-उतार तसाच राहतो.

क्रमाबद्दल थोडंच. एकमेकींपासून सगळ्यात वेगळ्या दोन तऱ्हा पहिल्या तीन गाण्यांत आण, म्हणजे इथे काय काय येऊ शकतं ते ऐकणाऱ्याला लगेच कळेल. एलपी काढायची असेल तर एका बाजूला 20 मिनिटांच्या आसपास थांब आणि बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेव. तबकडीच्या आतल्या खाचेत सुईखालचा वेग बाहेरच्या निम्म्याहूनही कमी होतो, तिथे झांजा आणि ‘स’ फाटतात.

तुला हा हट्ट वाटेल. आहेच. शैली हीच ओळख असं मीही फार वर्षं मानलं, आणि हे उशिरा पटल्यामुळे जी गाणी हातून गेली ती परत येत नाहीत. कुणी म्हणेल, एकाच अल्बममध्ये निरनिराळ्या गायकांकडून गाऊन घेतात, तिथे काय? तिथे धागा विषयात किंवा लेखणीत असतो, आणि तो फार पक्का लागतो. तुझी अकरा गाणी अकरा विषयांवर आहेत. तुझ्याकडे धागा एकच आहे.

गाणी गाळायची असतील तर अशी गाळ. एका संध्याकाळी अकराही गाणी नुसती गिटार घेऊन सलग गा. फोन टेबलावर, त्याच जागी, मधे हलवायचा नाही. दुसऱ्या दिवशी ऐक. ज्या गाण्यात तू दुसऱ्या कुणासारखी वाटशील ते गाणं बाजूला ठेव, मग ते कुठल्याही शैलीचं असो. माझ्या मते दोन जातील, आणि त्यात रेगे नसेल.

आता मला मिक्स पाठवू नकोस. टेप चिकटवून नव्याने गा आणि एकट्या आवाजाच्या फाइली पाठव, एकामागोमाग, मधे वाद्यं न घालता. मी डोळे मिटून ऐकतो आणि कुठल्या गाण्यात तुझा पाय टेपवरून सरकला ते कळवतो.