खुनी माहीत असताना काय बघायचं?

प्रिय मित्रा,

तुझ्या मालिकेच्या पहिल्या भागाचा मसुदा वाचला. खुनी कोण हे शेवटच्या तीन मिनिटांपर्यंत झाकून ठेवण्यातच तुझी सगळी ताकद खर्ची पडली आहे, आणि मधला अर्धा तास पात्रं एकमेकांकडे संशयाने बघत नुसती बसून आहेत. दुरुस्तीला हात घालण्याआधी 'कोलंबो' या, त्याच नावाच्या पोलीस अधिकाऱ्यावरच्या अमेरिकी मालिकेचा 'मर्डर बाय द बुक' हा भाग पुन्हा बघ. तू तो एकदा बघितला आहेस, म्हणूनच सांगतोय.

15 सप्टेंबर 1971 रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर लागलेला हा नियमित मालिकेचा पहिला भाग. पटकथा स्टीव्हन बोचकोची, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, वय वर्षं 24. केन फ्रँकलिन आणि जिम फेरिस ही रहस्यकथा लिहिणारी जोडी. लिहितो एकटा जिम. केन मुलाखती देतो, मिरवतो. जिमला वेगळं व्हायचंय, म्हणून केन त्याचा काटा काढतो. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं, कोलंबो पडद्यावर येण्याआधीच. म्हणजे तू जे शेवटपर्यंत जपतोयस ते इथे सुरुवातीलाच उधळून टाकलंय, तरी माणूस सव्वा तास जागचा हलत नाही. का, ते शोधायचंय.

तीनदा बघ. पहिल्यांदा एकदाही न थांबवता. हे सगळ्यात अवघड, कारण हात सारखा रिमोटकडे जातो. पण दर मिनिटाला थांबवलंस तर दृश्यांची लय कळणार नाही, आणि लय हेच निम्मं काम आहे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, फक्त ऐकत. सुरुवातीची काही मिनिटं तर ऐकायलाच हवीत: केनची गाडी येताना दिसते आणि कानावर पडतो तो फक्त टंकलेखन यंत्राचा खडखडाट. खून करायला निघालेला माणूस आणि काम करत बसलेला माणूस, दोघं एका आवाजाने बांधले जातात. त्यावर पार्श्वसंगीत घातलं असतं तर नुसता 'धोका आहे' एवढाच इशारा मिळाला असता.

दुसऱ्या फेरीत वहीच्या आडव्या पानावर चार रकाने आख: वेळ, प्रेक्षकाला काय माहीत आहे, कोलंबोला काय कळलंय असं केनला वाटतं, आणि कोलंबो तोंडाने काय बोलतो. एका दृश्याला एकच ओळ. चौथा रकाना तिसऱ्या फेरीत ऐकताना भर. संवाद उतरवत बसू नकोस. त्याने पानं भरतात, हाती काही लागत नाही. खरा खेळ तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातल्या अंतरात आहे. ते अंतर कुठे वाढतं आणि कुठे एकदम मिटतं, तिथे तांबड्या पेन्सिलीने खूण कर.

आता दुवे, म्हणजे खुन्यापर्यंत नेणारे धागे बघ. केन जिमला दूर सॅन दिएगोकडच्या आपल्या केबिनवर नेतो, तिथून त्याला बायकोला फोन करायला लावतो, 'ऑफिसात उशीर होतोय' अशी थाप मारायला सांगतो आणि बोलता बोलताच गोळी घालतो. बायकोची खात्री पटते की खून लॉस एंजेलिसच्या ऑफिसात झाला. योजना चोख आहे. पण बातमी कळल्यावर केन विमान सोडून गाडीने परततो. पुढे स्वतःच्या हिरवळीवर जोडीदाराचं प्रेत सापडलेलं असताना घरात येऊन टपाल उघडतो. दोन्ही गोष्टी आपल्यासमोर येतात आणि आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण आपलं लक्ष मोठ्या युक्तीवर असतं. यात रक्ताचा डाग नाही की बोटाचा ठसा नाही. दुःखात असलेला माणूस जे करणार नाही ते केनने केलं, एवढंच. तुझ्या मसुद्यातला तुटलेला कफलिंक याच्यापुढे फिका पडतो. कफलिंक कुणाचाही पडू शकतो.

इथे एक सापळा आहे. शेवट माहीत असल्यामुळे प्रत्येक वाक्यात तुला दुवा दिसू लागेल. म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्या एखाद्याला शेजारी बसव आणि त्याला नेमकं काय खटकलं ते मध्यंतरालाच विचार.

दुसरा खून मला कच्चाच वाटतो. दुकानदारीण लिली ला सांकाने जिमला गाडीत बघितलेलं असतं, ती पैसे मागते, केन तिला शॅम्पेनच्या बाटलीने मारून तळ्यात टाकतो. मात्र हा कच्चेपणा पटकथेने वापरून घेतलाय: पहिला खून हुशारीचा आणि दुसरा ढिसाळ, तेव्हा पहिली कल्पना केनची नसणार, असा कोलंबोचा तर्क. मग जिमच्या कागदांत तीच योजना लिहिलेली सापडते. त्यावर केन काय म्हणतो ते तिसऱ्या फेरीत नीट ऐक. कल्पना त्याचीच होती, आणि तेवढी एकच चांगली सुचली होती.

ही कबुली नाट्य म्हणून पक्की, पुरावा म्हणून लंगडी. तुझी गोष्ट पुण्यात घडते, तेव्हा हे लक्षात ठेव: पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 23 वाच. कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरती सवलत त्यातच दिली आहे. म्हणून तुझ्या इन्स्पेक्टरला कबुली नको, हत्यार कुठे पुरलंय ते हवं.

फोनची युक्तीही जशीच्या तशी उचलू नकोस. 1971 मध्ये फोन कुठून आला हे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. आज मोबाइलचं टॉवर लोकेशन निघतं, सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला याची नोंद, निघतो, आणि लोणावळ्याला जायचं तर टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद होते. तपास अधिकारी आधी हेच मागवतो. मसुद्यात सतराव्या पानावर तुझा खुनी स्वतःच्या गाडीने एक्स्प्रेसवेवरून जातो. तिथेच तो पकडला गेला.

तक्ता भरलास की त्याच चार रकान्यांत तुझा पहिला भागही बसवून बघ. ज्या दृश्यांत तिसरा आणि चौथा रकाना कोरा राहील, ती आधी काप. मग मसुदा पाठव.

तुझा,
एक जुना पटकथाकार