पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात पूर्वी खरंच हॉटेल होतं का?

हो, होतं. नदीकडच्या भव्य कमानींमागे रेल्वे स्टेशन आणि त्याला लागूनच ३७० खोल्यांचं हॉटेल, दोन्ही एकाच इमारतीत! १८७१ मध्ये पॅरिस कम्यून या उठावाच्या वेळी जळालेल्या ओर्से राजवाड्याच्या जागेवर पॅरिस-ओर्लेआँ रेल्वे कंपनीने ती बांधली. वास्तुकार व्हिक्टर लालू. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी इमारत वेळेत तयार झाली. इथे पहिल्यापासून विजेवरच्या गाड्या येत, म्हणून धूर-काजळीचा त्रास नव्हता. प्लॅटफॉर्मच्या इतक्या जवळ श्रीमंती थाटाचं हॉटेल चाललं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

पुढे गाड्या लांबल्या, प्लॅटफॉर्म तोकडे पडले आणि १९३९ मध्ये लांब पल्ल्याची वाहतूक थांबली. हॉटेल मात्र चालूच राहिलं. १९ मे १९५८ रोजी सत्तेवर परतायची तयारी जाहीर करणारी फ्रेंच नेते शार्ल द गोल यांची पत्रकार परिषद इथेच झाली.

१९७३ मध्ये हॉटेल बंद झालं. सगळी वास्तू पाडून तिथे नवं हॉटेल उभारायचं घाटत होतं. सुदैवाने ती वाचली आणि १९८६ मध्ये संग्रहालय उघडलं. तिथे गेलात तर फक्त चित्रं बघून परतू नका. हॉटेलचं जुनं रेस्टॉरंट आणि सोनेरी नक्षीचं समारंभ-दालन आजही जागेवर आहे, ते जरूर बघा.