जुन्या स्पोर्ट्स कारच्या दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आलेत. पुट्टी भरून रंग मारला तर चालेल का?

नाही. फोड आलेत म्हणजे गंज बहुधा आतून बाहेर आलाय. पुट्टीखाली तो निवांत खात बसेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर बरं, भद्द वाजलं तर टोक दाबा, आरपार जाईल. मग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करा.

पण थांबा. एमजीबीसारख्या (ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६२-८०) गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, ही पट्टीच भार पेलते. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप पक्का बसवा, नाहीतर गाडी मध्येच खचते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. (पाहिलंय. रडू येतं.)

शेवटी वेल्डवर इपॉक्सी प्रायमर, पट्टीच्या आतल्या पोकळीत वॅक्स. खालची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका.