कोरियन बँड, जपानी गाणी आणि बी.कॉम. नको म्हणणारी मुलगी

या वेळचं पत्र नाशिकहून एका आईचं आहे. मुलगी बारावी कॉमर्सला, बीटीएस या कोरियन बँडची कट्टर फॅन. आधी यूट्यूबवरून कोरियन शिकत होती, आता बँडची जपानी सिंगल्स (म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या सीडी) ऐकून गाडी जपानीवर आलीय. बी.कॉम. करणार नाही म्हणते, पुण्यात राहून फुलटाइम जपानी शिकणार आणि मग टोकियोतल्या म्युझिक कंपनीत गाणी ट्रान्सलेट करणार. आईने विचारलंय की ही कोरियन पोरं मुळात जपानीत गातातच कशाला, यात करिअर बिरिअर असतं का, आणि एकाच सिंगलच्या तीन-तीन सीडी मागवायला पैसे मागतेय ते द्यायचे का.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, पैसा. अमेरिकेनंतर जगातलं सगळ्यात मोठं म्युझिक मार्केट जपान आहे आणि आपल्याकडे सीडी कधीच माळ्यावर गेल्या तरी तिकडे लोक अजून दुकानात जाऊन विकत घेतात. त्यामुळे कोरियन कंपन्यांनी हे फार आधीच ओळखलं, बोआ नावाची मुलगी २००१ मध्येच जपानीत गायला लागली होती, मग २००५ मध्ये टीव्हीएक्सक्यू हा बँड गेला, तिकडे तोहोशिन्की या नावाने, कोरियात स्टार असून जपानमध्ये अगदी छोट्या स्टेजपासून सुरुवात केली, भाषा शिकले, आणि जानेवारी २००८ मध्ये त्यांचं सिंगल ओरिकॉनच्या, म्हणजे तिकडच्या सीडी-विक्रीच्या यादीच्या, वीकली चार्टवर एक नंबरला गेलं. पुढच्या सगळ्या बँडनी तोच रस्ता धरला. बीटीएसचं ‘फॉर यू’ २०१५ चं, सेव्हन्टीनचं पहिलं जपानी सिंगल २०१९ चं, स्ट्रे किड्सचं २०२० चं, आणि ते तर एका ॲनिमेच्या (जपानी कार्टून मालिकेच्या) टायटल साँगवरून आलं. गाणं सीरियलला, सिनेमाला किंवा ॲनिमेला जोडून द्यायचं याला तिकडे टाय-अप म्हणतात आणि त्यावर बरंच काही चालतं.

आता सीडीचं. तिकडे एकच सिंगल लिमिटेड ए, लिमिटेड बी, रेग्युलर अशा वेगवेगळ्या एडिशनमध्ये निघतं, कुठे डीव्हीडी, कुठे फोटो बुकलेट, आत फोटोकार्ड म्हणजे बँडमधल्या एकाच्या फोटोचं छोटं कार्ड, ते पण कुठल्या मेंबरचं निघेल ते नशिबावर. म्हणजे गाणी जवळपास तीच पण फॅनने दोन-तीन घ्यावीत हाच हिशोब असतो, यात तुमच्या मुलीचं चुकलं असं काही नाही, तिच्यासारख्यांसाठीच ते सगळं बनवलंय. बीटीएसचं ‘लाइट्स / बॉय विथ लव्ह’ ३ जुलै २०१९ ला आलं आणि त्याला जपानच्या रेकॉर्ड असोसिएशनचं मिलियन सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे १० लाख कॉपी. (तिथे १ लाखाला गोल्ड आणि अडीच लाखाला प्लॅटिनम म्हणतात, त्यावरून अंदाज घ्या.) तर माझं म्हणणं, तीन नको, एक घेऊन द्या. पण घेऊन द्या नक्की, आणि आली की तिला सांगा फोटोकार्ड बाजूला ठेव आणि आतली बारीक अक्षरातली क्रेडिट्स वाच, ती जपानीतच असतात, प्रॅक्टिस पण होईल.

कारण ती क्रेडिट्स वाचली की ‘गाणी ट्रान्सलेट करणार’ या स्वप्नाचं नेमकं काय होतं ते कळतं. बीटीएसच्या बऱ्याच जपानी गाण्यांच्या शब्दांवर केएम-मार्किट हे नाव दिसेल, आणि २०२१ चं ‘फिल्म आउट’ बॅक नंबर या जपानी बँडच्या इयोरी शिमिझूने बीटीएसच्याच जंगकूकबरोबर मिळून लिहिलंय. हे ट्रान्सलेटर नाहीत हो, हे गीतकार आहेत. कोरियन गाण्याचं जपानी व्हर्जन करताना चाल तीच ठेवायची असते, आणि कोरियनमध्ये एका अक्षरात जे मावतं त्याला जपानीत बऱ्याचदा दोन-तीन अक्षरं लागतात, मग अर्ध्या ओळीचा अर्थ सोडून द्यावा लागतो, उरलेला वेगळ्या पद्धतीने सांगावा लागतो, रॅपमध्ये तर यमकं पहिल्यापासून नव्याने जुळवायची. हे काम परक्या भाषेत बाहेरच्या माणसाला मिळणं जवळपास अशक्य आहे, मी खोटी आशा लावणार नाही. आणि कोरियन कंपनी व जपानी लेबल यांच्यामध्ये दुभाषा म्हणून जावं म्हटलं तर तिथे स्पर्धा दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या लोकांशी आहे.

पण एका सिंगलमागे एवढंच काम नसतं ना. लेबलशी करार, टाय-अपचे हक्क, फॅन क्लबची मेंबरशिप, टूरचं तिकीट, मर्चंडाइझ कुठे बनवायचं आणि कुठल्या देशात पाठवायचं, गाणं वाजलं की कोणाला किती रॉयल्टी (जपानमध्ये जसराक नावाची संस्था ते गोळा करते, आपल्याकडे आयपीआरएस आहे तसं). हे सगळं अकाउंट्स, काँट्रॅक्ट आणि कॉपीराइट आहे, आणि तुमची मुलगी कॉमर्सची आहे! जे सोडायला निघालीय तेच तिचं बलस्थान आहे. नुसती जपानी येणारी मुलगी आणि जपानी येणारी व कराराचा कागद वाचून समजणारी मुलगी, यात कंपनी कोणाला घेईल ते तीच सांगेल.

म्हणून बी.कॉम. सोडू नका, आणि हे मी नेहमीचं ‘आधी डिग्री कर मग काय ते कर’ या टाइपमध्ये म्हणत नाहीये. जपानमध्ये ऑफिसातली नोकरी करायला जो वर्क व्हिसा लागतो त्यात पदवी विचारतात, ट्रान्सलेशन-दुभाष्याच्या कामाला तर पदवी असेल तर आधीच्या अनुभवाची अट पण नसते. पदवी नसेल तर मग वर्षानुवर्षांचा अनुभव दाखवा, तो आणणार कुठून. बारावीनंतर थेट तिकडच्या लँग्वेज स्कूलला पाठवतो म्हणणारे एजंट भेटतील, स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच पार्टटाइम करता येतं, त्यात फी आणि टोकियोचं भाडं दोन्ही निघेल असं कोणी सांगितलं तर चहा पाजून निरोप द्या.

पुण्याचा विचार मात्र बरोबर आहे. जपानी शिकवण्याची तिथे जुनी परंपरा आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे कोर्स आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आहे, खासगी क्लासेस तर भरपूर. बी.कॉम. पुण्यात आणि संध्याकाळी जपानी, असं करणारी मुलं मी बघते, जमतं. नाशिकलाच राहायचं असेल तर ऑनलाइन बॅच चालेल. परीक्षा म्हणजे जेएलपीटी, जपानी भाषेची लेव्हल ठरवणारी, सगळ्यात सोप्या एन-५ पासून सगळ्यात अवघड एन-१ पर्यंत, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, फॉर्म काही महिने आधी भरायचा असतो तेवढं लक्षात ठेवा. बारावीच्या बोर्डानंतर सुरू केलं तर त्याच डिसेंबरला एन-५ किंवा जमलं तर एन-४, आणि पदवी होईपर्यंत एन-३ हे नीट अभ्यास करणाऱ्याला झेपतं. एन-२ आलं की नोकरीचं बोलणं सुरू होतं, टोकियोत म्युझिकवाल्यांकडे जायचं तर एन-१ धरूनच चाला. एक गोची, या परीक्षेत बोलायचा पेपरच नाही, सगळे पर्यायी प्रश्न, त्यामुळे एन-२ पास होऊन फोनवर दोन वाक्यं न येणारी मुलं असतात. क्लासमध्ये बोलायला लावतात का ते बघा.

आणि बेटा, तू हे वाचत असशीलच. मराठीचा तुला फायदा आहे, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला मागून, हे जपानी आणि कोरियन दोन्हीत आपल्यासारखंच, इंग्लिश मीडियमच्या डोक्याने शिकलीस तर उगाच अवघड वाटेल. चमच्यातला च आणि जहाजातला ज आपल्याला जन्मापासून येतो, कोरियन गायकांना जपानी गाताना नेमके तेच उच्चार घोटावे लागतात, ऐकताना लक्ष दे. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्रलिपी, मात्र कोणालाच सुटत नाही, रोज थोडी थोडी लिहायचीच. कोरियन टाकून देऊ नकोस, मागच्या सीटवर ठेव. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे, आणि चाकण पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अशा एखाद्या ठिकाणी अकाउंट्स किंवा पर्चेसमध्ये इंटर्नशिप मिळाली तर ऑफिसातली जपानी कशी बोलतात ते कळेल, गाण्यातली जपानी आणि साहेबाला मेल लिहायची जपानी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बँडच्या ऑफिसात पोचशील की नाही ते मला आत्ता सांगता येणार नाही, पण या रस्त्याने गेलीस तर मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरलीस तरी हातात नोकरी असेल.

ताई, क्लास ठरवताना पूर्ण वर्षाची फी एकदम भरू नका, एका लेव्हलचीच भरा. डेमो लेक्चरला तिच्याबरोबर तुम्ही पण बसा, आणि शिकवणाऱ्यांची स्वतःची लेव्हल कुठली ते बिनधास्त विचारा, चांगले शिक्षक त्याचा राग मानत नाहीत.