२६ वर्षांच्या बहिणीचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप) अरुंद झालाय. फुग्याने उघडावा की ऑपरेशन करून बदलूनच टाकावा?

तुम्ही लिहिलंय की कार्डिओलॉजिस्ट फुगा सांगतायत आणि घरातली थोरली मंडळी म्हणतायत, 'अर्धवट काम नको, एकदाच छाती उघडून नवा बसवा.' हेच वाक्य २००९ साली मी माझ्या साडूंच्या तोंडून इतकं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

साडूंचं मेडिकलचं दुकान आहे. त्यामुळे आमच्या सासुरवाडीत डॉक्टर तेच.

बायकोला पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात धाप लागायला लागली. दिवस गेलेत, लागणारच, असं सगळ्यांचं मत. गावातल्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. ती तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची, आडवी झाली की खोकला. एका रात्री खोकल्यातून गुलाबी फेस आला तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर व्हॉल्व्हचं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर. निरोगी माणसाचं ४ ते ६ असतं. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, ते एवढ्याशा तोंडातून खालच्या कप्प्यात उतरत नाही आणि मागे फुप्फुसात तुंबतं. दमा कुठला! लहानपणी ताप येऊन गुडघे सुजले होते, महिनाभर शाळा बुडाली होती, हे सासूबाईंना तेव्हा आठवलं. तोच तो संधिवाताचा ताप, व्हॉल्व्ह खराब झाला तो त्यानेच.

साडूंनी फोनवरच निकाल दिला. आधी गर्भपात करून घ्या, मग ऑपरेशन करून व्हॉल्व्ह बदला. 'फुगा म्हणजे पंक्चर काढण्यासारखं, टायरच बदलावा.' सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोला कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तिने एका शब्दात नाही म्हटलं, आणि आम्ही मुंबईला परळचं हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. या आजारात व्हॉल्व्हच्या दोन पाकळ्या कडेच्या सांध्यांपाशी एकमेकींना चिकटतात. उजव्या जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने बारीक भोक पाडून डावीकडे जायचं आणि व्हॉल्व्हच्या तोंडात फुगा फुगवायचा. फुग्याची पुढची बाजू आधी फुगते, मग मागची, त्यामुळे तो मधल्या कमरेशी अडकून बसतो. शेवटी कंबर फुगते आणि चिकटलेले सांधे सुटतात. पोटाभोवती शिशाचा एप्रन गुंडाळून केलं. भूल फक्त जांघेपुरती, बाई पूर्ण जागी. तीन उशांवर झोपणारी माणूस त्या रात्री सपाट झोपली. दुसऱ्या दिवशीचा इको १.७.

साडू दवाखान्यात आले तेव्हाही 'हे तात्पुरतं आहे'च म्हणत होते. आता जरा त्यांनाच उत्तर देतो, तुमच्या थोरल्यांनाही चालेल.

हा फुगा शोधून काढणारे जपानचे कांजी इनोउए स्वतः हृदयाचे सर्जन होते. छाती उघडणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी १९८२ मध्ये न उघडता पहिली केस केली. हैदराबादच्या निझाम्स हॉस्पिटलमध्ये फुगा आणि छाती उघडून सांधे मोकळे करण्याचं ऑपरेशन यांची ६० रुग्णांवर तुलना झाली, १९९४ मध्ये ती छापून आली. तीन वर्षांनी फुग्यावाल्यांचं तोंड सरासरी २.४ चौरस सेंटिमीटर, ऑपरेशनवाल्यांचं १.८. आणि साडूंच्या 'नव्या टायर'चं काय? धातूचा व्हॉल्व्ह बसवला की जन्मभर ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, जन्मभर आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याच्या तपासण्या. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत ती गोळी बाळात व्यंग आणू शकते आणि बंद केली तर व्हॉल्व्हवर गुठळी. जनावराच्या पेशीचा बसवला तर तरुण वयात तो लवकर झिजतो, पुन्हा छाती उघडा. ॲसिट्रॉमचे कायमचे गिऱ्हाईक ज्यांच्या काउंटरवर रोज येतात, त्यांना हे मी सांगायचं!

तुमच्या बहिणीचं लग्न ठरतंय आणि व्रण दिसू नये म्हणून फुगा बरा, असंही प्रश्नात आहे. व्रणाचा विचार सोडा. आणि हे सासरपासून लपवू नका. लपवलं तर तिला आजचं उद्या सांगावं लागेल, तेही लेबर रूमच्या दारात.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. फुगा प्रत्येकाला चालत नाही. घशातून करतात तो इको झालाय का विचारा, कारण वरच्या कप्प्यात गुठळी असेल तर ती आधी विरघळायला हवी. व्हॉल्व्ह बऱ्यापैकी गळतही असेल, तर फुगा नको. रिपोर्टवर विल्किन्स स्कोअर, म्हणजे व्हॉल्व्ह किती खराब झालाय त्याचे गुण, असतो, ८ किंवा त्याहून कमी असेल तर साधारणपणे छान जमतं. पाकळ्यांवर खूप चुना (कॅल्शियम) बसलेला असेल तर सांध्याऐवजी पाकळीच फाटू शकते आणि घाईघाईने ऑपरेशनला न्यावं लागतं. म्हणून जिथे सर्जन हजर असतो तिथेच करा. हृदयाचे ठोके अनियमित झाले असतील तर फुगा करूनही ॲसिट्रॉम लागतेच. तुम्ही विचारलेली क्लिप, म्हणजे पाकळ्या एकमेकींना जोडणारा चिमटा, गळणाऱ्या व्हॉल्व्हसाठी असते. अरुंद व्हॉल्व्हला लावली तर उरलंसुरलं तोंडही बंद होईल. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, मग खासगीचे कोटेशन घ्या.

आणि हो, फुगा कायमचा नाही, एवढं साडूंचं खरं. बायकोचा ताजा इको १.४ आहे, कधीतरी पुन्हा फुगा किंवा बदलणं येईलच. पण त्या बदलण्याआधी दोन बाळंतपणं झाली, थोरला आता कॉलेजात जातो.

पेनिड्यूरचं (पेनिसिलिनचं) इंजेक्शन दर २१ दिवसांनी, ते फुग्यानंतरही चुकवायचं नाही, नाहीतर पुन्हा ताप येऊन पाकळ्या खराब होतात. आमचं साडूंच्याच दुकानातून येतं. स्टॉक संपायच्या आधी स्वतः फोन करतात, तेवढं मात्र मानायला हवं.