एसी बसवणारा म्हणतो, डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-बोर्डापासून) नवी लाइनही मीच ओढून देतो. चालेल का, की इलेक्ट्रिशियन वेगळा बोलवावा?

त्याच्याकडे वायरमन परमिट असेल आणि काम लायसन्स असलेल्या ठेकेदारामार्फत होत असेल तर चालेल, नाहीतर नाही. सॉकेटपासून मागे डीबीपर्यंत इलेक्ट्रिशियनचं काम. पुढे इनडोअर-आउटडोअरची केबल, कपॅसिटर, पीसीबी (आतला कंट्रोल बोर्ड), कंप्रेसर हे आम्हा एसी मेकॅनिकचं. घरातलं उपकरण, पंखा, स्विच आहे त्याच क्षमतेचं बदलायला नियमांत सूट आहे, नव्या लाइनला नाही. 1956च्या वीज नियमांपासून हेच चालत आलंय.

पण खरी भांडणं लाइन ओढताना होत नाहीत, बिघाड झाल्यावर होतात. नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या घरी ऐन मे महिन्यात मला बोलावलं, ते थेट कंप्रेसर बदलायला. दीड टनाचा स्प्लिट, एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) सारखी पडायची. त्यांच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने 20 अँपिअरची काढून 32ची बसवली होती आणि सांगून गेला होता, "कंप्रेसर जास्त करंट ओढतोय, एसीवाल्याला बोलवा." वायर होती अडीच स्क्वेअर एमएमची. एमसीबी एसीला वाचवायला नसते हो, वायरीला वाचवायला असते!

मी एसी चालू करून फेजच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायर न कापता करंट मोजणारं मीटर) लावला. साडेसात अँपिअर, म्हणजे नेमप्लेटवर लिहिल्याच्या आतच. बंद करून कंप्रेसर मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासला, तोही ठणठणीत. मग पुन्हा चालू करून व्होल्टेज मोजलं: डीबीत येणारं 222, आउटडोअरच्या टर्मिनलवर 207. पंधरा व्होल्ट वाटेत कुठे जळत होते? मेन पाडून डीबीचं झाकण काढलं. एमसीबीच्या स्क्रूखाली वायरीचं टोक सैल, इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं. सैल टर्मिनल तापतं, त्या उष्णतेने आतली पट्टी वाकते आणि करंट बरोबर असतानाही एमसीबी पडते. काकूंना मी ते टोक दाखवलं. त्यांनी त्या इलेक्ट्रिशियनला फोन लावून दिला, तर तो मला म्हणे, "तू गॅस भर भाऊ, बोर्डाचं मी बघतो." काकूही म्हणाल्या, "अहो, ते लायसन्सवाले आहेत."

तेव्हा माझ्याकडे परमिट नव्हतं, म्हणून मी बोर्डातल्या जोडणीला हात लावला नाही. एसी बंद ठेवायला सांगितला आणि ओळखीच्या परवानाधारकाकडून जळकं टोक कापून, 20ची एमसीबी परत बसवून घेतली. कंप्रेसर आजही तोच आहे.

आयटीआयत आमचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड दोन वर्षांचा, इलेक्ट्रिशियनचाही दोन वर्षांचाच. परवाना असलेल्यानेच वायर जोडावी, मान्य. पण मोजायला परवाना लागत नाही, आणि न मोजता दुसऱ्याच्या कामावर बोट ठेवायचा परवाना कोणालाच नाही. मी पुढे परमिट काढलं ते त्या फोनमुळेच.

तुम्ही दोघांनाही एकाच दिवशी बोलवा. दीड टनासाठी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाइन, 20ची एमसीबी, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) सांगा. एसी चालू असताना दोन्ही टोकांचं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला लावा. आणि हे सगळं घरगुती सिंगल फेजचं, तीन फेजचा डक्टेबल (डक्टमधून हवा देणारा मोठा एसी) असेल तर हे माप धरू नका.